नजरेपुढची जागा

१

शिट्टीचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या खांद्यावर लाकडाचा ओंडका होता आणि डोक्यात जेवणाशिवाय दुसरं काही नव्हतं. मी वखारीत हमाली करायचो. दुपारी माळावरच्या मधल्या वाटेने चाललो होतो. शिट्टी पाठीमागून आली, टेकडीच्या बाजूने. बारीक, जराशी कापरी. मी वळून पाहिलं. टेकडीवर कोणी नव्हतं. तेवढ्यात दुसरी झाली, ती समोरून. समोर एक मुलगी तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा लावून उभी होती. गळ्यात दोरीला पितळेची शिट्टी. दोन्ही हात हलवून ती मला बाजूला व्हायला सांगत होती.

मी बाजूला व्हायला लागलो तशी ती ओरडली, "अहो, थांबा! तिथेच थांबा. हलू नका."

मी ओंडक्यासकट थांबलो. खांदा भरून आला तरी थांबलो. मग ती जवळ आली आणि म्हणाली, "तुम्ही मधे आलात म्हणून आधी राग आला. पण तुम्ही आलात आणि टेकडी एकदम मोठी झाली."

"म्हणजे मी लहान दिसतो, असंच ना?"

"हो. फार छान लहान दिसता."

असं बोलणाऱ्या बाईशी माणूस लग्न करील नाहीतर काय करील?

लग्नानंतर कधीतरी मी तिला विचारलं, ती पहिली शिट्टी टेकडीवर कोणी वाजवली होती? ती म्हणाली, "मी एकदाच वाजवली. टेकडीवर आपटून आवाज परत आला असेल." परत आलेला आवाज आधी आणि मूळचा नंतर, असं कसं होईल, हे विचारायचं राहून गेलं. मी शाळेत फार शिकलो नाही. म्हटलं, होतही असेल तसं.

२

आमचं काम सांगतो. कोणी विचारलं तर ही सांगायची, "मी जनावरांचे फोटो काढते, आणि हे जनावर होतात." लोक हसायचे. पण खरं तेच होतं.

जनावर यायच्या आधी, उजाडता उजाडता, मी जाऊन त्याच्या जागी उभा राहायचो. ती लांब कापडाच्या आडोशामागे स्टुलावर बसून कॅमेऱ्यातून बघायची. डोंगर किती, पाणी किती, आभाळ किती, आणि त्यात मी कुठे. एक छोटी शिट्टी म्हणजे डावीकडे. दोन छोट्या म्हणजे उजवीकडे. एक लांब म्हणजे झालं, परत या. हरणासाठी मी नुसता उभा राही. कोल्ह्यासाठी उकिडवा बसे. बगळ्यासाठी एका पायावर उभं राहायची काही गरज नव्हती, पण मी राहायचो, तिला हसवायला. जागा पक्की झाली की तिथे दगडांची खूण ठेवायची, खाली दोन आणि वर एक चपटा. मग आडोशामागे जाऊन गप्प बसायचं. जनावर त्या दगडांपाशी आलं तर आलं. नाही आलं तर उद्या.

"उंटावरून शेळ्या हाकतेस नुसत्या," मी म्हणायचो.

"शेळी ऐकणारी मिळाली ना," ती म्हणायची.

दुसरे लोक जनावराचं तोंड मोठं काढतात, मिशी न् मिशी मोजता येईल इतकं. हिला ते पटत नसे. "तोंड काय, पिंजऱ्यातल्याचंही काढता येतं. ते राहतं कुठे, ते दिसायला नको?" तिच्या फोटोत जनावर तिळाएवढं असायचं. आधी डोंगर दिसायचा, मग पाणी, मग गवत, आणि बऱ्याच वेळाने आपण म्हणायचं, अरे, हे इथे उभं आहे की!

दोन गोष्टी ती कधी मोडत नसे. जनावर ज्या बाजूला बघतं त्या बाजूला जागा मोकळी सोडायची. "नजरेपुढे जागा हवी. त्याच्या मनात आलं तर तिकडे चालू लागता यायला हवं. नाहीतर भिंतीला नाक लावून उभं केल्यासारखं दिसतं." आणि दुसरी, आपण बघतोय हे त्याला कळू द्यायचं नाही.

सगळं मनासारखं जमलं की तिची मान आपोआप डाव्या खांद्याकडे कलायची. बाळाकडे बघताना कलते तशी. ती मान कलली की मी लांबून ओळखायचो, आता लांब शिट्टी येणार.

३

आमच्या नेहमीच्या तळ्यावर यंदा आलो ते शेवटचंच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिचा डावा गेला, उजवाही फार दिवस साथ देणार नाही. तिला एक फोटो हवा होता. अख्खं तळं, पलीकडचा डोंगर आणि त्यात एक जनावर. मला एवढंच हवं होतं की तो लवकर मिळावा आणि तिला हाताला धरून घरी न्यावं. घरी काय काय करायचं ते मी मनात ठरवून ठेवलं होतं. कपाट भिंतीला सरकवायचं. न्हाणीघरात धरायला दांडा लावायचा. संध्याकाळी तिच्याजवळ बसून तिचेच फोटो तिला सांगायचे, हा डोंगर, हे पाणी, आणि इथे, अगं, इथे हरीण आहे.

आमची खोली जुन्या पंपघराला लागून होती. पंप कधीच बंद पडला होता, पण भिंतीतून निघालेला एक जाड पाइप तळ्यात गेला होता, आणि वारा सुटला की तो बारीक वाजायचा. दोन लोखंडी खाटा, एक टेबल, एक खिडकी. खिडकीत सगळं तळं मावायचं. पाणी उतरलेलं होतं, त्यामुळे काठावरून वाळूची एक जीभ निघून तिरकी आत गेली होती, जवळजवळ पलीकडच्या लव्हाळ्यापर्यंत. त्या जिभेच्या मध्यावर मी उभा राहायचो. माझे दगड तिथे होते.

एका सकाळी आडोशापाशी पोचलो तर स्टूल ठेवायच्या जागी दगड होते. खाली दोन, वर एक चपटा.

"अहो, हे इथे कशाला ठेवलेत? पाय अडकून पडेन ना मी."

"मी नाही ठेवले. तूच ठेवले असशील, जागा सापडायला."

"मला वाकता येतं का आता?"

"मग मीच ठेवले असतील," मी म्हणालो. वाद नको म्हणून म्हणालो.

"साठी बुद्धी नाठी," ती म्हणाली.

"साठी ओलांडून जमाना झाला. आता बुद्धी नाठायलाही शिल्लक नाही."

ती हसली. मी दगड उचलले. काळे होते, गुळगुळीत आणि ओले. आमच्या काठाला पिवळा मुरूम आहे. काळा दगड पलीकडे लव्हाळ्यात सापडतो. मी तिकडे कधी गेलोच नव्हतो असं नाही, पण अलीकडे गेल्याचं आठवत नव्हतं. आणि स्टुलाच्या जागी जमिनीत खुरांचे ठसे होते. हरणाचे. हरीण पाण्यावर येतं, पितं, जातं. हे आलेलं आणि गेलेलं दिसत नव्हतं. हे उभं राहिलेलं होतं. चारही खूर खोल रुतलेले, एकाच जागी. त्याच्या जरा डावीकडे तसेच चार. मग जरा उजवीकडे तसेच चार.

मी पायाने जमीन सारखी केली आणि स्टूल मांडलं. मनाला म्हटलं, जनावर आहे, चुळबुळ करणारच.

४

रविवारी मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. शहरात फोटोचं दुकान चालवतो, पोट सुटलंय आणि तोंडही सुटलेलं आहे. पाव, अंडी, बॅटऱ्या असं काय काय घेऊन आला आणि टेबलावर लॅपटॉप उघडून हिचे फोटो बघू लागला.

"ताई, कोल्हा छान आलाय गं. दाजी, हा कोल्हा की तुम्ही?"

"रंगावरून ओळख," मी म्हणालो.

"तुम्ही जास्त लबाड दिसता, एवढाच फरक."

तो फोटो पुढे पुढे सरकवत होता. मग त्याचा हात थांबला. मागे गेला. पुन्हा पुढे आला.

"ताई, ही सगळी जनावरं एकाच जागी का बघतायत?"

खरंच होतं. कोल्हा, हरणं, काठावरचा बगळासुद्धा. वेगवेगळ्या सकाळी काढलेले फोटो, पण माना सगळ्यांच्या पलीकडच्या लव्हाळ्याकडे, आणि लव्हाळ्यातही एकाच ठिकाणी. मेहुण्याने ते ठिकाण मोठं केलं. लव्हाळ्यात एक चौकोनी फट होती. पात्या दोन्ही बाजूंना वाकवून एकमेकींत अडकवलेल्या. आत अंधार.

"हा तर आडोसा आहे," मेहुणा म्हणाला. "पलीकडे पण कोणीतरी फोटोवाला बसलाय. चोर! आमच्या दाजींना फुकट वापरून घेतोय."

आम्ही तिघं हसलो. मला खरंच बरं वाटलं. दगडांचा उलगडा झाला, माणूसच आहे कोणी, आपली खूण बघून त्याने तशीच ठेवली.

हिने मात्र डोळा पडद्याला लावल्यासारखा जवळ नेला. "आपला फोटो काढायचा असेल तर तो बरोबर बसलाय," ती म्हणाली. "इकडच्या वाळूवरचं जनावर काढायला तिथे कोण बसेल? जनावर सरळ त्याच्याकडेच बघतंय. तिथून चांगला दिसतो तो आपलाच काठ."

"मग तुझाच काढत असेल ताई. तू पण आता दुर्मिळ झालीस."

तो निघताना मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो. खरं म्हणजे सांगायचं होतं की उद्या-परवा आम्हाला घ्यायला ये. पण तिला न विचारता कसं सांगणार, म्हणून "जपून जा" एवढंच म्हणालो.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तळ्याला वळसा घालून पलीकडे गेलो. ही आडोशाशेजारी स्टुलावर बसून कॅमेऱ्याच्या काचा पुसत होती. तिला म्हटलं, जरा पाय मोकळे करून येतो.

लव्हाळा डोक्याच्या वर होता. ती फट शोधायला वेळ लागला नाही, कारण तिच्याकडे जाणारी वाट पडली होती. माणसाच्या वाटेसारखी नव्हती, अरुंद होती. आत जमीन दाबून गोल केलेली. विडीचं थोटूक नाही, कागद नाही, बुटाचा ठसा नाही. माणूस बसतो तिथे काहीतरी सोडतोच. इथे नुसता ओल्या केसांचा वास होता.

मी आत वाकून बसलो आणि फटीतून पाहिलं.

मी अडाणी माणूस, पण आयुष्यभर तिचे फोटो बघितलेत. चांगला कुठला ते मला कळतं. त्या फटीत आमचा काठ बसला होता. वर पंपघरामागचा डोंगर, जेवढा हवा तेवढाच. पंपघराचं छप्पर कोपऱ्यात, आहे न आहेसं. खाली पाणी, त्यात डोंगर पुन्हा. आणि एका बाजूला, तिळाएवढी, ही. पांढरं डोकं, गुडघ्यावर कॅमेरा. ती बघत होती त्या बाजूला वाळूची जीभ होती, मोकळी, लांब, फटीच्या दुसऱ्या टोकापर्यंत. जागा सोडलेली होती.

इतकं सुंदर होतं ते की मी क्षणभर भीती विसरलो. एवढ्या वर्षांत तिला मी असं कधी पाहिलं नव्हतं. ती नेहमी बघणारी, मी दिसणारा. तिच्यामुळे तो डोंगर किती मोठा झाला होता! आणि ती किती लहान झाली होती! मग मी दचकून मागे सरकलो. कारण माझी मान, माझ्या नकळत, डाव्या खांद्याकडे कलली होती, आणि शेजारच्या लव्हाळ्याच्या पात्या त्याच बाजूला कललेल्या होत्या. कोणीतरी रोज मान कलती करून त्यांना टेकत असल्यासारख्या.

मी परत आलो तो जवळजवळ पळतच. या वयात.

६

"आपण उद्या निघू या," मी म्हणालो.

ती खाटेवर बसून केस विंचरत होती. "का?"

मी सांगितलं. तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही, लगेच कान लाल होतात. सगळं सांगितलं, वासाचंसुद्धा. पाइप भिंतीत बारीक वाजत होता. ती ऐकत राहिली. मला वाटलं घाबरेल.

"कसं दिसत होतं?" तिने विचारलं.

"काय कसं?"

"मी."

"छान," मी म्हणालो.

"किती मोठी?"

"तिळाएवढी."

"नजरेपुढे जागा?"

"भरपूर."

तिने कंगवा बाजूला ठेवला. "जाणत्याचं काम आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "अहो, माझा असा एकही फोटो नाही. लग्नातला आहे, तो हार घालून मारुतीसारखा. ओळखपत्रावरचा आहे, तो मेल्यासारखा. जन्मभर सगळ्यांना डोंगरात उभं केलं. मला कोणी केलं नाही."

"मी काढीन तुझा. घरी गेलो की गच्चीवर."

"गच्चीवर काय दिसणार? दांडीवरचे कपडे?"

"अगं, पण मला भीती वाटते. तुझ्याशिवाय मी काय करू?"

तिने माझा हात हातात घेतला. तिची बोटं कॅमेऱ्याने चपटी झालेली. "उद्या निघू या," ती म्हणाली. "भावाला फोन करा, गाडी घेऊन येऊ दे. पण निघायच्या आधी माझा एक काढा. तुम्ही काढा. मी ज्या डोळ्याने दिसतंय त्या डोळ्याने तो बघून घेते, मग गेला डोळा तरी चालेल."

याला नाही कसं म्हणायचं? मी फोन केला. मेहुणा म्हणाला, नाश्त्याच्या सुमाराला पोचतो. मी पिशव्या भरल्या, टेबल आवरलं, खिडकी लावली.

७

सकाळी धुकं होतं, पातळ, पाण्यावर अंथरलेलं. वारा अजिबात नव्हता. लव्हाळ्याची पाती हलत नव्हती. ऊन अजून डोंगरामागे होतं.

तिने गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. दोरी गरम होती. "डावं-उजवं माझं नाही, तुमचं," ती म्हणाली. "गोंधळ करू नका."

"हळू जा. वाळू ओली आहे."

"ओल्या वाळूत पाय रुततात, घसरत नाहीत. एवढी वर्षं तिथे उभे राहून काय केलंत तुम्ही?"

ती गेली. एका हातात चप्पल धरून, वाळूच्या जिभेवरून, हळूहळू. मी स्टुलावर बसलो आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. डोंगर घेतला, जेवढा हवा तेवढा. पाणी घेतलं. ती माझ्या दगडांपाशी पोचली आणि पलीकडच्या काठाकडे तोंड करून उभी राहिली. मी तिला एका बाजूला घेतलं आणि तिच्या नजरेपुढे जागा सोडली. तिनेच शिकवलेलं. भरपूर सोडली.

जरा उजवीकडे हवी होती. मी शिट्टी तोंडाशी नेली.

शिट्टी झाली. एक, छोटी.

मी वाजवली नव्हती. माझ्या तोंडात अजून श्वास तसाच होता. मला वाटलं पाइप. पण पाइपला वारा लागतो. आवाज समोरून, पाण्यावरून आला होता. बारीक, जरासा कापरा. माझा खांदा एकदम भरून आला, ओंडका असल्यासारखा.

ती डावीकडे सरकली. पाऊलभर.

मग दोन छोट्या. ती थोडी उजवीकडे आली आणि थांबली. आणि मला कॅमेऱ्यातून दिसलं की आता ती अगदी बरोबर होती. मला हवी होती त्याहून बरोबर. तिच्या पायाशी डोंगराचं टोक पाण्यात उलटं उतरलं होतं. तिच्यामुळे सगळं तळं श्वास घेत होतं. माझं बोट आपोआप दाबलं गेलं. फोटो निघाला.

तेव्हा तिच्या पलीकडे, लव्हाळ्याच्या फटीत, धुक्यापेक्षा जरा काळं असं काहीतरी होतं. केवढं ते सांगता येणार नाही, शेजारी मोजायला काही नव्हतं. ते एका बाजूला कललं. बाळाकडे बघताना कलतं तसं.

मी शिट्टी तोंडात धरली आणि सगळा जीव ओतून लांब वाजवली. झालं, परत ये. पाण्यावरून आवाज गेला, डोंगरावर आपटला. मी छातीतला वारा संपेपर्यंत वाजवली.

तिने मागे वळून पाहिलं. इतक्या लांबून तिला मी दिसणं शक्य नव्हतं, त्या डोळ्यांनी तर नाहीच. तरी तिने बरोबर माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं ती हसली. चप्पल तिने दगडांवर ठेवली, नीट, जोडीने.

माझी शिट्टी थांबली, आणि लगेच पलीकडून एक लांब शिट्टी आली. घाई नसलेली. परत ये, अशीच.

मागे रस्त्यावर मेहुण्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी स्टुलावरून उठलो, स्टँड आडवा झाला, मी तिला हाक मारली. तिच्या पुढे वाळू होती, धुकं होतं आणि मी सोडलेली सगळी जागा होती. तिने तोंड तिकडे वळवलं आणि चालू लागली.